रक्ताची गुठळी व ती विरघळविणारी औषधे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्ही धान्याच्या आवकजावकीविषयी लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. दाल बाजारात घाऊक धान्याची आडत करण्यात ज्याची चाळीस वर्षे गेली, त्याने दुसरे काय लिहावे? तथापि यंदा आम्ही निराळाच विषय निवडला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकाचा अभ्यास आम्ही केलेला नाही. परंतु ज्या विषयाच्या अज्ञानापायी आमच्या घरातील एक माणूस गेले, तो विषय पुढील सव्वीस-सत्तावीस वर्षांत आम्ही डॉक्टर मंडळींना विचारून व मिळेल ते वाचून समजून घेतला. व्यापाऱ्यास समजेल अशा भाषेत तो येथे मांडीत आहोत.

सन १९९८ च्या धनत्रयोदशीची गोष्ट. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांची सराफ्यात पेढी होती. धनत्रयोदशीस लष्करच्या सराफ्यात पाय ठेवावयास जागा नसते, हे आपणांस सांगावयास नको. सकाळी अकराच्या सुमारास दादांच्या छातीवर दडपण आले व डावा हात जड झाला. त्यांनी आम्हांस बोलावून घेतले. आम्ही आलो, ओव्याचा अर्क दिला, सोडा पाजला आणि म्हणालो, “दादा, वात असेल. आपण आत पडा, गादी आम्ही पाहतो.” दादाही म्हणाले, “आजचा दिवस निघू दे, उद्या दाखवू.” सायंकाळी सात वाजता त्यांना घाम फुटला, तेव्हा कोठे आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी तत्परतेने गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून सुरू केले. पण हृदयाचा मोठा भाग तोवर निकामी झाला होता. पाडव्याच्या पहाटे दादा गेले. नव्या वहीवरील पहिली नोंद त्या वर्षी झाली नाही.

डॉक्टर एवढेच म्हणाले, “औषध तेच आहे. दुपारी बारास हेच औषध निराळे ठरले असते.” हे वाक्य आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. तेच औषध, तीच मात्रा, मग सात तासांनी त्याचे मोल का घटावे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

गुठळी म्हणजे काय?

रक्त गोठणे हा मुळात दोष नव्हे, ते शरीराचे संरक्षण आहे. बोट कापले असता रक्त थांबते ते याच गुणामुळे. रक्तातील पेशी बाजूला केल्या असता जो द्रव उरतो त्यास रक्तरस म्हणतात. या रक्तरसाच्या दर लिटरमध्ये सुमारे २ ते ४ ग्रॅम फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. रक्तवाहिनीस इजा झाली की थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य निर्माण होते. ते या फायब्रिनोजेनचे फायब्रिन नामक तंतूंत रूपांतर करते. तंतू एकमेकांत गुंफून जाळे बनते, रक्तातील बिंबिका या जाळ्यास चिकटून ते घट्ट ओढून धरतात, आणि तांबड्या पेशी त्यात अडकतात. पुढे दुसरे एक द्रव्य तंतूंना एकमेकांशी टाके घालून पक्के करते.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर फायब्रिन हे बारदान आहे, तांबड्या पेशी हे आतील धान्य, बिंबिका या पोत्याचे तोंड आवळणारे हमाल, आणि शेवटचे द्रव्य म्हणजे सुतळीची शिवण. गुठळी मोडावयाची तर दाणे कुटून उपयोग नाही. बारदानाचा धागाच तोडला पाहिजे. धागा तुटला की दाणे आपोआप सांडतात.

ही गुठळी बाहेरील जखमेवर झाली तर उपकारक. परंतु हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या आतील बाजूस मेदाचा थर साचून तो एखाद्या दिवशी फुटतो. शरीर त्यास जखम समजते आणि तेथेच गुठळी बांधते. सुताएवढ्या रुंदीच्या त्या नळीत गुठळी बसली की पुढील स्नायूचा रक्तपुरवठा बंद होतो. हाच हृदयविकाराचा झटका. हेच मेंदूच्या धमनीत घडले तर पक्षाघात, व पायातील शिरेची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर तेथील संकट.

शरीराचे स्वतःचे औषध

निसर्गाने गुठळी बांधणारा नेमला, तसा ती उकलणाराही नेमला आहे. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे द्रव्य निष्क्रिय स्थितीत फिरत असते. ते जागे केले की त्याचे प्लाझ्मिन होते, आणि हे प्लाझ्मिन म्हणजे फायब्रिनचा धागा कापणारी कात्री. कात्रीस जागे करणारे द्रव्य रक्तवाहिन्यांच्या अस्तरातूनच पाझरते. जखम भरल्यावर खपलीखालील गुठळी हळूहळू नाहीशी होते ती यामुळेच.

ही कात्री रक्तात मोकळी फिरू लागली तर सगळीच गुंफण उसवेल. म्हणून शरीराने तिच्यावर पहारेकरी ठेवला आहे. मोकळे प्लाझ्मिन दिसताच तो एका सेकंदाच्या आत ते निष्प्रभ करतो. मात्र फायब्रिनच्या धाग्यास धरून बसलेले प्लाझ्मिन त्याच्या हाती सहजासहजी लागत नाही. कात्री जेथे हवी तेथेच चालावी, अशी ही योजना आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यांना आपण गुठळी विरघळविणारी औषधे म्हणतो, ती स्वतः काहीच विरघळवीत नाहीत. ती आपल्याच रक्तातील प्लाझ्मिनोजेनला जागे करतात. कापण्याचे काम आपले रक्तच करते.

शोध कसा लागला

सन १९३३ मध्ये अमेरिकेतील विल्यम टिलेट हे डॉक्टर घशास पीडा देणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा अभ्यास करीत होते. जंतू घातलेला रक्तरस गोठणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. जंतू असलेल्या व नसलेल्या दोन्ही नळ्यांतील रस गोठला. काही वेळाने त्यांची दृष्टी सहज त्या नळ्यांकडे गेली, तो जंतू असलेल्या नळ्यांतील गोठलेला रस पुन्हा पातळ झालेला! अंदाज फसला, पण नळ्या फेकून देण्याआधी पुन्हा पाहिल्या, म्हणून शोध लागला. जंतूंनी निर्माण केलेल्या या द्रव्यास पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळाले.

१९५८ साली हृदयविकाराच्या रुग्णांवर त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु वैद्यकविश्वाची खात्री पटण्यास आणखी बराच काळ गेला. १९८६ मध्ये इटलीत ११,८०६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल बाहेर आला. निम्म्या रुग्णांना तासाभरात पंधरा लक्ष एकक स्ट्रेप्टोकायनेज दिले होते. एकवीस दिवसांत औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा १३ मृत्यू पावले, मिळालेल्यांपैकी १०.७. हा फरक एकंदरीत लहान वाटेल. पण ज्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीने दाखविले की स्ट्रेप्टोकायनेजबरोबर साधी अॅस्पिरिनची गोळी दिली असता, पाच आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १३.२ वरून ८ वर येते.

औषध गुठळीत शिरते कसे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सराफ्यातील बंधूंना आम्ही त्यांचाच दाखला देतो. मिश्र सोन्यातून शुद्ध सोने काढताना शोऱ्याचे तेजाब वापरतात. तेजाब चांदी व तांबे विरघळविते, सोन्यास शिवत नाही. पण डाग भारी कसाचा असेल तर तो सरळ तेजाबात टाकून काम होत नाही. वरचेवरची चांदी जाते, आतील चांदीस सोन्याचा आडोसा मिळतो, आणि तेजाब पृष्ठभागावरच थबकते. म्हणून कारागीर आधी मुशीत आणखी चांदी मिसळून सोने सुमारे चौथाईवर आणतो व त्याचा पातळ पत्रा किंवा बारीक दाणा करतो. मग तेजाबास आत शिरण्यास वाटा मिळतात. तेजाबाचा जोर जेवढा महत्त्वाचा, तेवढीच आत शिरण्याची वाट महत्त्वाची. गुठळीचेही अगदी तसेच आहे.

गुठळी संपूर्ण एकदम विरघळत नाही. औषध तिच्या तोंडाशी येते, तेथील पातळ थरात कात्र्या जाग्या होतात, तो थर सुटतो, मग पुढील थराची पाळी येते. विरघळण्याची एक सीमारेषा बाहेरून आत सरकत जाते. ती किती वेगाने सरकेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट प्रवाहाची. औषध नुसते झिरपत राहिले तर त्याची गती फार मंद असते. रक्ताच्या दाबाने ते गुठळीत रेटले गेले तर ती पुष्कळ वाढते. गोदामात धान्याच्या थप्पीस ताडपत्रीखाली धुरी देतात, तेव्हा वायू सुट्या दाण्यांच्या फटींतून सहज पोहोचतो, पण दाबून भरलेल्या पिठात त्यास जास्त वेळ लागतो, हा अनुभव आपणा सर्वांस आहे. ज्या धमनीत गुठळीने वाट पूर्ण बंद केली तेथे प्रवाहच उरत नाही. औषध शिरेतून दिलेले असते, सर्व शरीरात फिरते, पण नेमक्या त्या बंद गल्लीत ते कमी पोहोचते. एकदा बारीकशी वाट फुटली की रक्ताचा ओघ औषधास आत घेऊन जातो व काम झपाट्याने होते.

दुसरी गोष्ट विणीची. जाड तंतूंची, सैल विणीची गुठळी लवकर मोडते. बारीक तंतूंची, दाट विणीची उशिरा मोडते. एकेकटा बारीक तंतू कापावयास सोपा असला तरी दाट विणीत औषधाचा शिरकावच होत नाही. जेथे बिंबिका अधिक तो भाग तर त्यांनी आवळून पाणी पिळून काढल्यासारखा असतो, आणि त्या औषधविरोधी द्रव्यही सोडतात.

तिसरी गोष्ट वयाची. तास जातात तशी गुठळी आक्रसते, टाके वाढतात, आणि कात्रीचा पहारेकरीही धाग्यांना शिवला जातो. ताजा चुना नखाने निघतो, वाळल्यावर छिन्नी लागते. त्याच वेळी पलीकडील स्नायू रक्तावाचून मरत असतो. दोन्ही बाजूंनी काळ आपल्याविरुद्ध चालतो. सात तासांनी त्याच औषधाचे मोल का घटते, याचे उत्तर हे असे आहे.

निरनिराळी औषधे

स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे, पण ते फायब्रिन ओळखीत नाही. ते गुठळीत व मोकळ्या रक्तात सारखेच काम करते, त्यामुळे रक्तातील प्लाझ्मिनोजेन व फायब्रिनोजेन दोन्हींचा साठा खर्ची पडतो. शिवाय ते जंतूपासून आलेले असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिकारद्रव्ये तयार करते, व एकदा दिल्यावर पुन्हा ते सहसा देत नाहीत. एखाद्यास पूर्वी हे औषध दिले असेल तर त्याची चिठ्ठी घरात जपून ठेवावी.

दुसरे औषध म्हणजे शरीरात पाझरते तेच द्रव्य कृत्रिम रीतीने बनविलेले, अल्टेप्लेज. बेल्जियममधील लुव्हाँ येथील देझिरे कोलेन यांचे या कामी मोठे श्रेय आहे. फायब्रिनवर बसले असता त्याची शक्ती शेकडो पटींनी वाढते, म्हणून ते गुठळीवर अधिक नेमके चालते. पण यातही एक गंमत आहे. ते धाग्यास इतके घट्ट धरते की पुष्कळसे पहिल्याच थरात अडकून राहते. नेमकेपणा व शिरकाव यांचा मेळ घालावा लागतो. शिवाय रक्तात ते जेमतेम पाच मिनिटांत निम्मे होते, म्हणून थेंबथेंब देत राहावे लागते.

तिसरे टेनेक्टेप्लेज. मूळ रेणूत तीन ठिकाणी फेरफार करून ते बनविले आहे. ते सुमारे वीस मिनिटे टिकते, विरोधी द्रव्यास दाद देत नाही, आणि एकाच टोचणीत काही सेकंदांत देऊन होते. लहान गावातील दवाखान्यास हे मोठे सोयीचे आहे.

अभिमानाची गोष्ट अशी की या विद्येत आपला देश मागे नाही. चंडीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या पथकाने स्ट्रेप्टोकायनेज देशात बनविण्याचे तंत्र बसविले. आणि महाराष्ट्रात पुण्याजवळ हिंजवडी येथील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही संस्था टेनेक्टेप्लेज तयार करते. प्रथम हृदयविकारासाठी, व २०१६ पासून पक्षाघातासाठीही त्यास आपल्या देशात मान्यता मिळाली.

धोका कोणता?

कात्रीस चांगली गुठळी व वाईट गुठळी यांतील भेद कळत नाही. पोटातील व्रणावर, नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेच्या जागी किंवा मेंदूतील नाजूक वाहिनीवर जी गुठळी रक्षण करीत आहे, तीही सुटू शकते. हृदयविकारासाठी हे औषध दिलेल्या सुमारे शंभरांत एकास किंवा त्याहून थोड्या कमी जणांस मेंदूत रक्तस्राव होतो. पक्षाघातात हे प्रमाण अधिक असते. १९९५ च्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत ते शेकडा सहाच्या वर होते, तरीही बरे होऊन स्वावलंबी झालेल्यांची संख्या औषध घेतलेल्यांतच जास्त भरली. म्हणून पूर्वीचा रक्तस्राव, व्रण, अलीकडील शस्त्रक्रिया, अनावर रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना न लपविता सांगावे.

पक्षाघातात आणखी एक अट आहे. अर्धांग लुळे पडणे हे गुठळीने होते, तसेच वाहिनी फुटूनही होते, व दुसऱ्या प्रकारात हे औषध प्राणघातक ठरेल. म्हणून आधी मेंदूचे सीटी स्कॅन आवश्यक, आणि तेही अशा त्वरेने की लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत औषध पडावे. सीटी स्कॅन होईपर्यंत घरी अॅस्पिरिनही देऊ नये. हृदयविकारात ईसीजी काढून धमनी पूर्ण बंद असल्याचे दिसले तरच हे औषध देतात. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर तीच श्रेष्ठ. ती शक्य नसेल तर वाट न पाहता आधी औषध, व मग मोठ्या रुग्णालयात रवानगी, असा आजचा प्रघात आहे.

एक शंका

आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी विचारतात की ही औषधे कशापासून होतात? प्रश्न योग्य आहे. स्ट्रेप्टोकायनेज जंतूंच्या संवर्धनातून निघते. अल्टेप्लेज व टेनेक्टेप्लेज ही प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढविलेल्या पेशींपासून बनतात. त्या पेशींचा वंश १९५७ मधील एका हॅमस्टर प्राण्यापासून सुरू झाला, पण प्रत्येक मात्रेसाठी प्राणी मारावा लागत नाही. सोबत देण्यात येणारे हेपॅरिन मात्र बहुधा डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्यास कृत्रिम पर्याय आहेत, त्यांतील फोंडापॅरिनक्स हा एक. ज्यांना याविषयी संकोच असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांशी प्रकृती स्वस्थ असतानाच बोलून ठेवावे. झटक्याच्या वेळी खाटेभोवती उभे राहून हा वाद घालू नये. त्या वेळी जे हाताशी असेल त्याने प्राण वाचवू द्यावा, असे आमचे नम्र मत आहे.

शेवटचे निवेदन

२०१९ साली आमच्या गोदामातील एक पल्लेदार थप्पी लावता लावता छाती धरून बसला. त्याच्या सोबत्यांनी कोणासही न विचारता त्यास टेम्पोत घातले. पाऊण तासात त्याच्या शिरेत औषध गेले. तो आजही दाल बाजारात येतो, जड पोते मात्र आम्ही त्यास उचलू देत नाही. त्याच्यापाशी पैसा नव्हता, पण त्या दिवशी त्यास गल्ल्याची काळजीही नव्हती. दादांपाशी सर्व काही होते, आणि आम्ही त्यांचे सात तास गिऱ्हाइकीत घालविले. हिशेबात हे खाते कोणत्या बाजूस मांडावे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती अशी. छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणे, यांपैकी काही वीस मिनिटे टिकले तर त्यास वात म्हणू नये. स्त्रियांत व मधुमेह्यांत कळ सौम्यही असते. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची चिन्हे. घड्याळ पाहून वेळ टिपावी, १०८ क्रमांकास कळवावे, व जेथे ईसीजी आणि हे औषध आहे तेथेच न्यावे. आपल्या नगरात १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यास जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही आहेत. कोठे कोणती सोय रात्रंदिवस आहे हे प्रत्येक पेढीने आजच विचारून, तिजोरीजवळील भिंतीवर लिहून ठेवावे. मंडळानेही अशी यादी छापून सर्व दुकानांत वाटावी, अशी सूचना आम्ही या लेखाद्वारे करीत आहोत. छपाईचा खर्च दादांच्या स्मरणार्थ आमच्याकडे राहील.

धनत्रयोदशी दरसाल येते. एका दिवसाची विक्री बुडाली तर ती पुढल्या वर्षी भरून निघते. गेलेला तास मात्र कोणत्याही वहीत परत जमा होत नाही.